जुनी बाईक घेताय? आधी काय बघायचं आणि नाशिक आरटीओत नावावर कशी करायची

मागच्या वर्षी माझ्या मामेभावाने सिडकोत एक स्प्लेंडर घेतली, घासाघीस करून अठ्ठावीस हजारात. विकणाऱ्याने आरसी दिली, चावी दिली आणि वर सह्या केलेले नावबदलाचे दोन फॉर्म (यालाच टीटी म्हणतात) दिले, म्हणाला "टीटी तयार आहे, फक्त तुझं नाव टाक". भाऊ पेढे घेऊन घरी. महिन्याभराने आम्ही फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं की त्या सह्या विकणाऱ्याच्या नव्हत्याच, आरसीवर ज्याचं नाव होतं तो माणूस गाडी तीन वर्षांपूर्वीच विकून मोकळा झालेला, मधे दोन जणांनी वापरली पण नावावर कुणीच केली नाही. आणि ऑनलाइन अर्जात ओटीपी जातो आरसीला लिंक असलेल्या मोबाईलवर, म्हणजे त्या पहिल्या मालकाच्या, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. त्याला शोधायला आम्हाला सात महिने लागले, राव.

याला बाजारात ओपन टीटी म्हणतात. कोरे सही केलेले फॉर्म, गाडीसोबत फिरत राहतात. स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात, पण माझं स्पष्ट मत आहे, समोर उभा असलेला माणूस आणि आरसीवरचं नाव एक नसेल तर पाच हजार कमी मिळत असले तरी चहा पिऊन निघून या. डीलर असेल तर थोडं वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्याकडे दिली की फॉर्म २९सी ने तसं ऑनलाइन कळवायचं असतं, मग तो डीलर कागदोपत्री त्या गाडीला जबाबदार धरला जातो. म्हणून डीलरला सरळ विचारा, दादा तुमचं सर्टिफिकेट दाखवा, या गाडीचा २९सी भरलाय का. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा.

आता गाडी बघायला जाताना काय करायचं ते सांगतो. मेकॅनिक सोबत न्या, हे सगळेच सांगतात, पण त्याच्या आधीची कामं घरी बसून होतात. विकणाऱ्याकडून गाडी नंबर आणि चेसी नंबरचे (फ्रेमवर ठोकलेला गाडीचा ओळख नंबर) शेवटचे आकडे मागून घ्या. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, लोन चढलंय का हे दिसतं. मालकाचं नाव फुल्या मारून अर्धं झाकलेलं असतं, म्हणून त्याच्याच मोबाईलवर डिजीलॉकरमधली आरसी उघडायला सांगा. ज्याचं नाव त्याच्याच आधारावर ती उघडते, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. मग महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दंड बघा. परिवहनच्या चलान पोर्टलवर पण वेगळं बघा, कारण काही चलानं इथे दिसतात काही तिथे. आमच्या त्या स्प्लेंडरवर चार निघाली, त्यातलं एक ट्रिपल सीटचं. दंड विकणाऱ्याने आधी भरायचा, भरल्याची पावती घ्यायची, "किमतीतून वजा करतो" यावर जाऊ नका.

चोरीची गाडी आहे का हे बघायला एनसीआरबीची (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) वाहन समन्वय नावाची सोय आहे, त्यात गाडी नंबर, चेसी आणि इंजिन नंबर टाकला की पोलिसांच्या रेकॉर्डला ती गाडी चोरीची म्हणून लागलेली आहे का ते कळतं. फुकट आहे, दहा मिनिटं लागतात, आणि तरी कुणी करत नाही.

प्रत्यक्ष गाडीवर मात्र चेसी नंबर स्वतः वाचा. बहुतेक बाईकवर तो हँडलच्या खाली मानेच्या पाइपवर ठोकलेला असतो, हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं की दिसतो. तिथे ग्रीस आणि धुळीचा थर असतो, रॉकेलचं फडकं मारा, मोबाईलची टॉर्च आडवी धरा म्हणजे आकडे उठून दिसतात. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखं, किंवा फक्त तेवढ्याच पट्टीवर नवीन रंग, किंवा एक आकडा बाकीच्यांपेक्षा खोल ठोकलेला, असं काही दिसलं तर विषय संपला. सातपूरला एक पल्सर बघितली होती आम्ही, गाडी खरंच चांगली होती, पण आरसीवर जिथे आठ होता तिथे फ्रेमवर इंग्रजी बी. चोरीची नव्हती, टायपिंगची चूक, पण ती चूक मूळ मालकानेच आरटीओत दुरुस्त करून घ्यायला पाहिजे, आपण घेतल्यावर ते झेंगट आपल्या गळ्यात. त्याला सांगितलं दुरुस्त करून आण मग बोलू, तो काही परत आला नाही.

बाकी इंजिनचं थोडक्यात. जायच्या आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नको, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा, गरम असेल तर त्याने काहीतरी लपवायला आधीच चालू केलीय. थंड इंजिन पहिल्या किकला कसं उठतं तेच बघायचं असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, बोअर पिस्टनचा खर्च धरा. पुढचे शॉकप दाबून बघा, नळीवर ऑइल आलं का. मेन स्टँडवर लावून हँडल हळूच फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलची बेअरिंग) गेला. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, फूटरेस्टचं रबर आणि ब्रेक पॅडल बघा, वीस हजार चाललेल्या गाडीचं पॅडल घासून गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

नाशिकवाल्यांसाठी खास एक गोष्ट. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला होता, दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती) पाण्यात, तेव्हा गंगाघाट आणि जुन्या नाशकातल्या सखल भागात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. त्यातल्या किती आज पॉलिश करून विकल्या जातायत देव जाणे. सीट काढून खालच्या वायरिंगच्या जॉइंटवर हिरवट गंज आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून चिखलाची रेघ आहे का बघा.

आता मुख्य काम, नावावर करणं. कायदा सोपा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, उशीर झाला की लेट फी. पण खरी भीती लेट फीची नाही, अपघाताची आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे ट्रान्सफर लवकर व्हावी ही विकणाऱ्याची पण गरज आहे, त्याला हे नीट समजावून सांगा, मग तो आरटीओला यायला कुरकुर करत नाही.

पात्रता म्हणाल तर फार काही नाही. नाशिक आरटीओत म्हणजे एमएच १५ मध्ये नावावर करायची तर पत्ता त्या हद्दीतला पाहिजे. लायसन्स नसलं तरी गाडी नावावर होते, चालवायला लागतं फक्त, बरेच जण बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतात ते चालतं. मालेगावचं आरटीओ वेगळं, एमएच ४१. आणि शिकायला आलेली पोरं, ज्यांचं आधार नंदुरबारचं किंवा धुळ्याचं आहे, त्यांनी एकतर इथल्या पत्त्याचा चालणारा पुरावा आणायचा नाहीतर आपल्या गावच्या आरटीओला गाडी लावायची. तसं करायचं तर इथून एनओसी (ना हरकत दाखला) लागते, फॉर्म २८, त्यावर चेसीचा पेन्सिल प्रिंट घेतात. कागद चेसी नंबरवर ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, बस एवढंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही.

देवळाली कॅम्पात बदलीवर आलेल्या लोकांच्या परराज्यातल्या गाड्या विकायला निघतात, सुरत वलसाडकडच्या पण येतात, आणि भाव चांगला असतो. पण तिथे आधीच्या राज्याची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर एवढं सगळं मागे लागतं, तो खर्च धरून मगच भाव बोला. नुसती एमएचमध्ये आणून बारा महिन्यांच्या वर जुन्या नंबरवर चालवता येत नाही.

कागदपत्रं अशी: ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, दोघांचं आधार, घेणाऱ्याचं पॅन आणि नसेल तर फॉर्म ६०, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि फॉर्म २९ च्या दोन प्रती व फॉर्म ३० दोघांच्या सह्यांसह. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर फॉर्म ३५ सही-शिक्क्यासह आणि त्यांची एनओसी. लोन फिटलं असं तोंडाने सांगणारे खूप भेटतात, हप्ते फिटलेले असतात पण आरसीवरून बोजा उतरवायचा राहिलेला असतो. तो विकणाऱ्याने आधी उतरवून द्यायचा. मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती, आणि गाडी आधी वारसाच्या नावावर होऊ द्या मग घ्या. मयताच्या नावावरून थेट तुमच्या नावावर करून देतो म्हणणारा एजंट कुठेतरी खोटी सही करणार, हे गृहीत धरा.

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) विसरू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाडीला नवीन नंबर प्लेट लागलेली नसेल तर आरटीओत ट्रान्सफरचं काम अडतं. दुचाकीला ४५० अधिक जीएसटी म्हणजे ५३१ रुपये, ऑनलाइन बुक करून तारीख घ्यायची. रक्कम छोटी आहे, पण त्या तारखेपायी तुमचे ३० दिवस खाल्ले जातात, म्हणून प्लेट लावून झाल्यावरच सौदा.

आणि गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर आरसीवरची व्हॅलिडिटीची तारीख बघा. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, नंतर फिटनेस तपासून पाच वर्षांनी वाढवतात, १ एप्रिल २०२२ पासून त्या रिन्यूअलची दुचाकीची फी हजार रुपयांवर नेली आणि वरून ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर). बारा हजाराची गाडी मग बारा हजाराची राहत नाही.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर. महाराष्ट्र, मग नाशिक आरटीओ निवडायचं, गाडी नंबर आणि चेसीचे शेवटचे पाच आकडे, ओटीपी, मग ट्रान्सफर ऑफ ओनरशिप. ओटीपी जातो विकणाऱ्याला, म्हणून हे काम दोघांनी शेजारी बसून करायचं, मी तर सांगेन की पैसे देण्याच्या दिवशीच करा. त्याचा नंबर बंद असेल तर त्याच्याच आधारावर आधी नंबर अपडेट करून घ्यायचा. फी दीडशे रुपये आणि स्मार्ट कार्डचे दोनशे, पोस्टाचे वेगळे. नवीन लोनवर घेत असाल तर बोजा चढवायचे पाचशे. एजंट याच कामाचे दीड-दोन हजार सांगतो, वेळ नसेल तर द्या, पण सरकारी फी किती हे माहीत असू द्या. आधार ओटीपीने फेसलेस (म्हणजे आरटीओत न जाता) झालं तर ठीक, नाहीतर प्रिंट काढून पेठ रोडला आरटीओत ओरिजिनल कागद घेऊन जायचं. लवकर गेलात तर बरं, अकरानंतर पार्किंगलाच अर्धा तास.

पैशांचं आम्ही आता असं करतो. थोडा टोकन, बाकी रक्कम अर्ज सबमिट होऊन पावती निघाल्यावर, आणि शक्यतो बँकेतून. सोबत एक सौदा पावती, त्यात गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहायचं, सायंकाळी ५.४० वाजता असं. विकणारा सकाळी सिग्नल तोडून आलेला असला तर ते चलान कुणाचं याचा वाद उरत नाही. करारनामा स्टॅम्पवर करायचा असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो.

इन्शुरन्सचं लोक सोडूनच देतात. थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत येतं असं कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या माणसाच्या नावावर अडकतो, म्हणून १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) मात्र विकणाऱ्याचा, तो तुम्हाला मिळत नाही, फरकाचे पैसे भरावे लागतात. बिनइन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि नंतर ४,००० दंड आहे.

नवीन आरसी स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येते. तोपर्यंत फीची पावती जवळ ठेवा, आणि रेकॉर्डला नाव बदललं की डिजीलॉकरमध्ये आधीच दिसायला लागतं, ते दाखवलं तरी चालतं. पोस्टमन आला तेव्हा घराला कुलूप असेल तर कार्ड परत जातं आणि मग ते आणायला पुन्हा पेठ रोड, त्यामुळे शेजारच्या काकूंना सांगून ठेवा.