वर आकाश निळं म्हणजे कॅन्यन सेफ? अजिबात नाही

अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाची दोन-तीन दिवसांची ट्रिप ठरली की कोणीतरी हमखास सांगतं, "अरे, वर ढग नसेल तर स्लॉट कॅन्यनमध्ये (खडकातल्या खोल, चिंचोळ्या घळीत) बिनधास्त उतरायचं." हे साफ चुकीचं आहे आणि यात माणसं गेलीयत.

१२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. तिथे पाऊस जेमतेमच होता, खरा पडला कित्येक मैल वर, आणि ते सगळं पाणी त्या चिंचोळ्या फटीत घुसलं. कारण तिकडची जमीन म्हणजे उघडा खडक नि कडक माती, पाणी मुरतच नाही, आपल्या सह्याद्रीसारखी झाडं-गवत थोपवायला नाहीत, त्यामुळे सगळं थेट खाली येतं, आणि काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, मग पळणार कुठे? आत गेलात तर वर बघा, डोक्याच्याही वर भिंतींमध्ये ओंडके अडकलेले दिसतात, ते पुरानेच नेऊन ठेवलेत.

म्हणून प्लॅन करताना फक्त त्या गावाचं हवामान बघू नका, वरच्या बाजूचं अख्खं पाणलोट क्षेत्र बघा. साधारण जुलै मध्य ते सप्टेंबर तिकडचा मान्सून, ढग बहुतेक दुपारी फुटतात, तेव्हा जायचं तर सकाळी लवकर. युटातल्या झायन नॅशनल पार्कला जाणार असाल तर त्या दिवसाचा फ्लॅश फ्लडचा (अचानक येणाऱ्या पुराचा) अंदाज व्हिझिटर सेंटरमध्ये विचाराच. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पानं वाहत यायला लागली तर फोटो सोडा, लगेच उंचावर चढा.