बंब, भुसा आणि किडूकमिडूक लाकूड

जानेवारीत पारा 15-16 अंशांवर उतरला की आमच्या सोसायटीच्या गेटपाशी रात्री शेकोटी पेटते. नाशिक-पुण्याची माणसं या थंडीला हसतात. मुंबईत सांताक्रूझची आजवरची नीचांकी नोंद 7.4 अंशांची, तीही 22 जानेवारी 1962ची. पण वॉचमनकाकांना रात्रभर उघड्यावर बसायचं असतं, त्यामुळे रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांनी शेगडी केलेली आहे. सरपण म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सुतारकामाचं उरलंसुरलं: सागाच्या ढलप्या, पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या, प्लायच्या पट्ट्या, एक मोडका पाट. परवा तिथून जाताना डोळे असे चुरचुरले की मला आत्याचा पाणी तापवायचा बंब आठवला. त्यातही असलंच किडूकमिडूक जळायचं, पण एकदा पेट घेतला की धूर जवळजवळ नसायचा.

गिरगावातल्या चाळीत मोरीच्या कोपऱ्यात तो तांब्याचा बंब असे. बाहेर पाणी, मधोमध उभी नळी, नळीच्या बुडाशी जाळी. वखारीतून आणलेलं मोठं लाकूड त्या नळीत मावायचंच नाही. म्हणून ढलप्या, काटक्या, करवंट्या हेच त्याचं खरं खाद्य. आत्याने तुपाच्या तीन डब्यांत त्यांची वर्गवारी केलेली असे आणि चुकीच्या डब्यातला तुकडा चुकीच्या वेळी टाकला की ती हातातलं भांडं आपटायची.

तिची ही शिस्त समजायला आधी एक गैरसमज काढावा लागतो. लाकूड थेट जळत नाही. तापवलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग दोन-तीनशे अंशांदरम्यान लाकडाचे घटक मोडून वायू बाहेर पडू लागतात आणि आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची असते. कोरड्या लाकडाच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायूरूपाने निघून जातो. मागे उरतो तो कोळसा, जो ज्वाळेशिवाय निखाऱ्यासारखा फुलतो. वायू पुरेसे तापले नाहीत किंवा त्यांना हवा कमी पडली तर ते न जळताच निसटतात. तो धूर. म्हणजे धूर हे वाया चाललेलं जळणच.

आता तुकड्यांकडे येऊ. 10 सेंटीमीटर बाजूचा लाकडी ठोकळा घ्या: पृष्ठभाग 600 चौरस सेंटीमीटर. त्याचेच 1 सेंटीमीटरचे हजार तुकडे केले तर पृष्ठभाग होतो 6000. लाकूड तेवढंच, पण आगीला चाटायला दहापट जागा. म्हणून ढलपी चटकन पेटते आणि ओंडका नुसता धुमसत राहतो. त्यातच लाकडातलं पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः धाग्यांच्या टोकांकडून. आखूड तुकड्यात ही टोकं जवळ असतात, म्हणून तो लांब फळीपेक्षा फार लवकर वाळतो. सुताराने कापून टाकलेला वीतभर तुकडा या हिशेबात ओंडक्यापेक्षा सरस ठरतो.

ओलं लाकूड वाईट का, याचं नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. निम्मं पाणी असलेलं एक किलो लाकूड धरा. त्यातल्या अर्धा किलो कोरड्या लाकडात सुमारे 9000 किलोज्यूल उष्णता. अर्धा किलो पाणी तापवून उडवायला लागतात साधारण 1300. तोटा सातवा हिस्सा. एवढ्यावरून कुणी ओलं लाकूड टाकून देणार नाही. खरी खोट तापमानाची आहे. ओला भाग पाणी संपेपर्यंत शंभर अंशांच्या पलीकडे जात नाही, आणि तिथून निघणारी वाफ आजूबाजूच्या वायूंनाही गार करते. मग वायू पेटायच्या आतच निघून जातात. पाऊस पडत असताना मुंबईच्या दमट हवेत छपराखालच्या वाळल्या लाकडातही वजनाच्या वीसेक टक्के ओलावा येऊन बसतो. आत्या श्रावणात दुसऱ्या दिवशीच्या ढलप्या बंबाच्या माथ्यावर रचून ठेवायची, ते यासाठीच.

आणि लाकडाची जात? बाभळीचं लाकूड आंब्यापेक्षा ‘गरम’, असं सगळेच म्हणतात. पण सारखंच वाळलेलं असेल तर किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते. बाभूळ जड असते, म्हणून त्याच आकाराच्या तुकड्यात जास्त लाकूड मावतं, एवढाच फरक. सरमिसळ ढिगात हाताला जड लागणारे तुकडे वेगळे काढले की झाडांची नावं माहीत नसली तरी चालतं. करवंटीचं तेच: घट्ट आणि कोळसा भरपूर देणारी. पाण्याच्या फिल्टरमधला कार्बनही पुष्कळदा करवंटीचाच असतो. आत्याच्या तिसऱ्या डब्यात करवंट्या, बाभळीच्या गाठी आणि असलाच जड माल असे. त्यांची पाळी आधीच्या दोन डब्यांनी नळी तापवल्यानंतर. गार तांब्याला ज्वाळा लागली की ती तिथेच विझते आणि काजळी धरते. नळी तापली की तिच्यातून हवा वर खेचली जाते आणि खालच्या जाळीतून ताजी हवा आत येते. पण एकदम ओंजळभर चुरा टाकला तर ती वाटच बुजते. भांडं आपटलं जायचं ते तेव्हा.

खर्चाचं गणितही बघण्यासारखं आहे. 20 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला सुमारे 3350 किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तरी अर्धा किलोच्या आतबाहेर ढलप्या पुरतात. गिझरला याच कामासाठी जवळजवळ बरोबर एक युनिट वीज लागते, आणि कोळशावरच्या वीजकेंद्रात त्या युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. जाळ टळत नाही, मोरीतून दूर जातो इतकंच.

माझ्या मते सगळ्यात हुशार युक्ती बंबाची नव्हे, भुशाच्या शेगडीची. नुसता लाकडाचा भुसा आगीवर फेकला तर भडका उडतो, ढीग करून पेटवला तर धुमसतो. मग करायचं काय, तर पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, तळाच्या भोकातून एक दांडा तिच्यापर्यंत सरकवायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली-दांडा अलगद काढून घ्यायचा. उरतं ते काटकोनी भुयार. ठासलेल्या भुशात हवा शिरत नाही, त्यामुळे तो फक्त भुयाराच्या भिंतीवर जळतो आणि आग आतून बाहेर थराथराने सरकते. लाखो कणांचा मिळून पुन्हा एक ओंडका झाला, फक्त पोटात चिमणी असलेला. वखारीत झाडून टाकायच्या मालावर लोकांनी तासन्‌तास डाळी शिजवल्या आहेत.

मात्र आजचं उरलंसुरलं लाकूड आत्याच्या काळचं नाही. प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) फॉर्मल्डिहाइडचे डिंक असतात. जळताना त्यातून निघणारा वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, पीव्हीसी प्लास्टिकच्या पट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ येते. आयात मालाखालच्या लाकडी चौकटीवर, म्हणजे पॅलेटवर, ‘एचटी’ असा इंग्रजी शिक्का असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते जाळू नये. मुंबईतल्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत फर्निचरचं भंगार जायचं ते स्वस्त म्हणून. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना 6 महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पावाची ती चव जाणार म्हणून मीही हळहळले, पण तिथल्या भट्टीकामगाराला तो धूर रोज होता.

परवा मी काकांच्या ढिगापाशी बसले. साग आणि खोक्याच्या फळ्या एका बाजूला, प्लाय दुसऱ्या.

“हे नाही जाळायचं का ताई? हेच तर जास्त आहे.”

“डोळे कशाने चुरचुरतात तुमचे?”

त्यांनी एक पट्टी नाकाशी नेली, वास घेतला आणि काही न बोलता खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.