किल्ला तलाव, बेळगाव

बेळगावच्या भुईकोट किल्ल्याशेजारचे जुने तळे आणि त्याच्या काठची बाग मिळून 'किल्ला तलाव'. कन्नडमध्ये याला 'कोटे केरे' म्हणतात. कोटे म्हणजे किल्ला, केरे म्हणजे तळे. नावावरून तरी इथे भाषेचा वाद नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून चालतही जाता येते. बरेच पाहुणे तळ्याला एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि किल्ल्यात पाऊल न टाकता परततात. तळ्याशेजारी हा किल्ला नाही, किल्ल्याशेजारी हे तळे आहे, एवढे लक्षात ठेवले तर क्रम आपोआप ठरतो: आधी किल्ला, मग तळे.

रट्ट राजांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आणली. किल्ल्याचे मूळ त्या काळातले. पुढे बहमनी, आदिलशाही, मराठे असे धनी बदलत गेले. सुमारे ९०० मीटर लांब आणि ६५० मीटर रुंद अशा या किल्ल्याला ना डोंगराचा आधार, ना नदीचा. त्यामुळे सगळी भिस्त पाण्यावर. कठीण जमीन खोदून भोवती रुंद, खोल खंदक केला होता. आज त्यात कुठे पाणी दिसते, कुठे नुसतीच झाडी.

या खंदकाने काय केले ते फारसी इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. १४७२-७३ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावानने वेढा घातला. त्याचे लोक दिवसभर लाकडे आणि माती टाकून खंदक बुजवायचे आणि रात्र पडली की आतले लोक ते सगळे उपसून काढायचे. अखेर तटाखाली सुरुंग लावावे लागले. दख्खनमध्ये तोवर ही युक्ती कुणाला ठाऊक नव्हती, असे फरिश्ता म्हणतो. त्याच्या बखरवजा लिखाणात अतिशयोक्ती असेलही, पण खंदकाच्या काठावर उभे राहून खाली डोकावले की गोष्ट पटू लागते. यानंतरचा मोठा वेढा १८१८ चा. पेशवाई बुडत असताना इंग्रज सेनानी मन्रोने हा किल्ला घेतला, पण आतल्या शिबंदीने त्याला सुमारे तीन आठवडे झुंजवले.

राजवाडा म्हणून दाखवावे असे आत काही उरलेले नाही. उरली ती देवळे आणि मशीद. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचण याने १२०४ मध्ये बांधलेली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, हे इथले खरे धन. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत, पण आत शिरल्यावर मान वर करावी. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटे लटकले आहे आणि त्यात भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांचे मिळून ७२ तीर्थंकर आहेत. उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही; दोन मिनिटे थांबल्यावर एकेक पाकळी उलगडत जाते. आदिलशाही सरदार असदखान लारीच्या काळातल्या सफा मशिदीत जुन्या देवळांचे खांब वापरलेले असून त्यांतल्या काहींवर शिलालेख आहेत. स्वतः असदखानाचा दर्गा मात्र किल्ल्यात नाही, तो कॅम्पात आहे.

तळ्याकाठी आता सर्वांत आधी नजरेत भरतो तो ध्वजस्तंभ. २०१८ मध्ये उभारला तेव्हा त्याची उंची ११० मीटर, म्हणजे ३६१ फूट होती. अटारी सीमेवरचा ३६० फुटांचा. एका फुटाने देशात पहिला नंबर! अटारीने २०२३ मध्ये ४१८ फुटांचा स्तंभ उभारला आणि तो मान गेला. एवढ्या उंचीवरचे कापड बेळगावच्या वाऱ्यापुढे फार काळ टिकत नाही. ध्वज उतरवलेला असेल तेव्हा नुसताच खांब ढगात गेलेला दिसतो.

बागेत पायवाट, बाकडी आणि मुलांना पळायला मोकळी जागा आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी मराठीत सुरुवात करून कन्नडमध्ये हसतात आणि हिंदीत निरोप घेतात. यायचे तर पावसाळा सरता सरता यावे, तळे भरलेले असते. जुलैत झिमझिम एकदा धरली की दिवसदिवस सुटत नाही. छत्री वाऱ्याने उलटी होते, म्हणून जुने बेळगावकर घोंगडीची खोळ सोडून रेनकोटावर आले तरी छत्रीवर भरवसा ठेवत नाहीत.