खुल्या दारातून रंगमंचाकडे: अमेरिकी कम्युनिटी कॉलेजातील नाट्यशिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील नाट्यशिक्षण म्हटले की येल, जुलियार्ड अशी मोजकी नावे आपल्याकडे घेतली जातात. या संस्थांपासून बरेच दूर, दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत, नाट्यकला हा एक रीतसर विषय म्हणून अनेक दशके शिकवला जात आहे. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आपल्याकडे आला तो प्रामुख्याने कौशल्यशिक्षणाच्या योजनांमधून. त्यामुळे अशा कॉलेजात अभिनय, नेपथ्य किंवा प्रकाशयोजना शिकवली जाते, हे मराठी वाचकाला काहीसे अनपेक्षित वाटेल. हा विषय तेथे कसा रुजला, हे कॅलिफोर्निया राज्याच्या उदाहरणावरून चांगले कळते. नाट्यक्षेत्रातील कोणत्याही चळवळीपेक्षा शुल्क, श्रेयांक आणि प्रवेशाचे नियम यांनीच तेथील नाट्यविभागांना आजचे रूप दिले आहे, हे या इतिहासातून दिसते.

कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे तेव्हाच्या ‘ज्युनिअर कॉलेज’चा, उगम इलिनॉय राज्यात झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट येथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने 1901 साली जोलिएट ज्युनिअर कॉलेज सहा विद्यार्थ्यांवर सुरू झाले. पदवीची पहिली दोन वर्षे गावातच करावीत आणि पुढची दोन विद्यापीठात, ही त्यामागची कल्पना होती. कॅलिफोर्नियाने 1907 साली कायदा करून माध्यमिक शाळांना असे वरचे वर्ग चालवण्याची मुभा दिली आणि 1910 साली फ्रेस्नो येथे त्या राज्यातील पहिले ज्युनिअर कॉलेज निघाले. या सुरुवातीच्या संस्थांत नाटक असे ते बहुतेक हौसेपुरते, इंग्रजी किंवा वक्तृत्वाच्या शिक्षकाच्या आधाराने.

नाटक हा पदवीचा विषय होऊ शकतो, हे तोवर विद्यापीठांतही सर्वमान्य नव्हते. जॉर्ज पिअर्स बेकर हार्वर्डमध्ये नाट्यलेखन शिकवत. त्यांच्या वर्गाला जोडून निघालेली ‘47 वर्कशॉप’ ही प्रयोगशाळा पुढे प्रसिद्धीस आली, पण विद्यापीठाने त्यांना ना रंगमंच दिला, ना स्वतंत्र विभाग. ते 1925 साली येलला गेले, तेव्हा या दोन्ही गोष्टी तेथे मिळाल्या. त्याआधी 1914 साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेने नाटकातील पदवी देणारा अभ्यासक्रम सुरू केला होता. याच दशकात व्यावसायिक रंगभूमीच्या बाहेर, गावोगावी हौशी मंडळींची छोटी नाट्यगृहे उभी राहत होती. गिल्मर ब्राउन यांनी 1917 साली स्थापन केलेले दक्षिण कॅलिफोर्नियातील पॅसाडिना प्लेहाउस हे त्यांपैकी एक. पुढे त्याला जोडून अभिनयाची शाळाही निघाली. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ज्युनिअर कॉलेजांना त्यामुळे एक सोय झाली. चित्रपटांचे स्टुडिओ जवळ होते, रंगमंच जवळ होता, आणि शिकण्याची इच्छा असलेले पण पैसे नसलेले तरुण तर होतेच. लॉस एंजेलिस सिटी कॉलेज 1929 साली सुरू झाले. व्यावसायिक वळणाचे नाट्यशिक्षण देणारा त्याचा विभाग पुढे बराच नावारूपाला आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना 1944 च्या कायद्याने शिक्षणखर्च मिळू लागला आणि वर्ग भरू लागले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या 1947 च्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. या नावात एक नवी जबाबदारीही होती. कॉलेज हे गावातील प्रौढांचे, त्यांच्या संध्याकाळच्या शिक्षणाचे आणि सांस्कृतिक जीवनाचेही केंद्र असावे, अशी अपेक्षा अहवालाने मांडली होती. नाट्यविभागाला याहून सोयीचा आधार मिळणे कठीण होते, कारण नाटकाला प्रेक्षक लागतात आणि ते गावातूनच यायचे असतात.

कॅलिफोर्नियाच्या 1960 च्या महायोजनेने उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या आखल्या. वरच्या दोन पायऱ्यांवरील विद्यापीठांना गुणवत्तेनुसार निवड करण्याचा अधिकार राहिला, आणि ज्युनिअर कॉलेजांनी मात्र शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश द्यायचा, असे ठरले. दोन वर्षे चांगली पूर्ण करणाऱ्याला विद्यापीठात तिसऱ्या वर्षी जाण्याची वाट ठेवण्यात आली. त्याला तेथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, आणि कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्याच्या बोलण्यात हा शब्द वारंवार येतो. राज्यातील रहिवाशांना शिकवणीचे शुल्क नव्हते.

नाट्यविभागांचा खरा बहर याच काळातला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या कॉलेज ऑफ मरीनमध्ये जेम्स डन यांनी 1964 पासून नाट्यविभाग बांधला. पुढे चित्रपटनट म्हणून गाजलेले रॉबिन विल्यम्स राज्यशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडून तेथे आले आणि तेथूनच 1973 साली शिष्यवृत्तीवर जुलियार्डला गेले. सँटा मारिया येथील ॲलन हॅनकॉक कॉलेजात 1964 सालीच डोनोव्हन मार्ली यांनी व्यावसायिक नाट्यसंस्था आणि प्रशिक्षणशाळा यांची एकत्र मांडणी केली. विद्यार्थी दोन वर्षे व्यावसायिक नट आणि तंत्रज्ञ यांच्याबरोबर प्रत्यक्ष नाटके उभी करत शिकतो, अशी तेथील पद्धत आहे. चित्रपटनट डस्टिन हॉफमन यांनी त्याच्या आधीच्या दशकात सँटा मोनिका येथील कॉलेजात अभिनयाच्या वर्गात नाव घातले, ते, त्यांच्याच सांगण्यानुसार, त्यात कोणी नापास होत नाही म्हणून. वर्षभरात ते पॅसाडिना प्लेहाउसच्या शाळेत दाखल झाले. सहज म्हणून विषय घ्यावा आणि तो आवडला नाही तर फारसे नुकसान न होता सोडून द्यावा, ही मोकळीक हेच या कॉलेजांचे वैशिष्ट्य होते. जेथे प्रवेशच निवडीने होतो, तेथे असा चुकून आलेला विद्यार्थी सापडायचा नाही.

त्याच सुमारास, 1963 साली, पुण्यात पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडच्या महाविद्यालयीन नटाने कॉलेज सुटल्यावर, गुणपत्रिकेत कसलीही नोंद नसताना, रात्री उशिरापर्यंत तालमी केल्या. कॅलिफोर्नियात त्याच तालमीला वेळापत्रकात तास होते, क्रमांक होता आणि तीन युनिटे, म्हणजे श्रेयांक, होती. आपल्याकडच्या ईर्ष्येला तेथे तोड नव्हती, असे मला वाटते. पण नेपथ्याच्या सुतारकामापासून प्रकाशयोजनेपर्यंतचे काम शिकवणारा पगारी शिक्षक त्यांच्याकडे होता. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र सुरू व्हायला 1987 साल उजाडले.

खुल्या दाराला एक अंतर्गत अडचण मात्र सुरुवातीपासून होती. वर्गात कोणालाही घेता येते. नाटकात भूमिका मोजक्याच असतात आणि त्या ऑडिशनने वाटाव्या लागतात. सर्वांना प्रवेश देणाऱ्या संस्थेत शिक्षकाला रोज निवड करावी लागते. बहुतेक विभागांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. रंगमंचामागचे काम प्रत्येकाला सक्तीचे केले, म्हणजे भूमिका न मिळालेला विद्यार्थीही कपडे शिवतो, दिवे टांगतो आणि श्रेयांक मिळवतो. ॲलन हॅनकॉकच्या प्रशिक्षणशाळेसारख्या ठिकाणी प्रवेशच ऑडिशनने होतो, म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या कॉलेजाच्या आत एक निवडीचे दार उभे राहते.

राज्याचा पैसा आटू लागला तो 1978 नंतर. ‘प्रपोझिशन 13’ या जनमताने मालमत्ता कराला लगाम घातला. या कॉलेजांची मोठी भिस्त त्याच करावर असल्याने आर्थिक सूत्रे स्थानिक मंडळांकडून राजधानी सॅक्रामेंटोकडे गेली. रहिवाशांनाही 1984 पासून शुल्क भरावे लागू लागले, सुरुवातीला युनिटमागे पाच डॉलर. ते 2012 पासून 46 डॉलर आहे, म्हणजे साठ युनिटांच्या पदवीला 2,760 डॉलर. अमेरिकी मापाने हे अजूनही स्वस्त आहे. तरी सहज करून बघावे म्हणून नाटक शिकणाऱ्याची ती जुनी बेफिकिरी उरली नाही.

चित्रपटनट टॉम हँक्स यांनी 2015 साली एका वृत्तपत्रीय लेखात हेवर्ड येथील शॅबो कॉलेजाचे ऋण मान्य केले. प्रवेशपरीक्षेतील गुण बेताचे आणि खिशात पैसे नाहीत, अशा स्थितीत त्या कॉलेजाने आपल्याला घेतले, असे त्यांनी लिहिले. ते सत्तरच्या दशकातील विद्यार्थी, म्हणजे शुल्क सुरू होण्याच्या आधीचे. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्याच महिन्यात दोन वर्षांच्या मोफत कम्युनिटी कॉलेजचा प्रस्ताव मांडला होता, म्हणून तो लेख इतका वाचला गेला. कॅलिफोर्नियाने पुढे 2017 आणि 2019 च्या कायद्यांनी पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याची वाट मोकळी केली.

याच काळात अभ्यासाची चौकट आवळत गेली. 2010 च्या कायद्याने ‘ट्रान्सफर’साठी ठरावीक साठ युनिटांच्या पदव्या आल्या आणि त्यांत थिएटर आर्ट्सचाही समावेश झाला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे फार उपयोगी ठरले, कारण कोणता वर्ग पुढे धरला जाईल याचा घोळ कमी झाला. 2013 च्या शरद सत्रापासून मात्र एकच वर्ग वारंवार घेण्यावर राज्याने कडक मर्यादा घातल्या. पदवी पूर्ण करण्याऐवजी त्याच वर्गात पुन्हा पुन्हा नाव घालणाऱ्यांवर सरकारी पैसा खर्च होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. नाटकाच्या बाबतीत तो जरा आंधळा ठरला. प्रयोगनिर्मितीचा वर्ग दर सत्राला नवे नाटक घेतो. क्रमांक तोच असला तरी अभ्यास तोच नसतो. त्यामुळे विभागांनी एकाच वर्गाचे प्रकारवार, पातळीवार तुकडे केले आणि त्यांना नवे क्रमांक दिले. वर्षानुवर्षे युनिट घेऊन आजोबा, शेजारीण, डॉक्टर अशी पात्रे रंगवणारे गावातील प्रौढ नट बिगरश्रेयांक वर्गात किंवा निव्वळ स्वयंसेवकांच्या यादीत गेले, आणि विशीतल्या मुलांना पुन्हा पांढरे केस लावून म्हाताऱ्यांच्या भूमिका कराव्या लागू लागल्या.