टाइपस्क्रिप्टमधील नेस्टेड प्रकारांचे रूपांतर

टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर आधारलेल्या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्टच्या (नावे असलेल्या गुणधर्मांच्या संचाच्या) एका प्रकारावरून (टाइप, म्हणजे मूल्याचे स्वरूप सांगणारे वर्णन), त्याच्या आतल्या सर्व पातळ्यांवरील गुणधर्मांसकट, दुसरा प्रकार नियमाने घडवण्याची पद्धत. हे काम जेनेरिक प्रकार करतो. फंक्शन जसे मूल्य घेऊन मूल्य देते, तसा तो प्रकार घेऊन प्रकार देतो.

डिसेंबर २०१६ मधील २.१ या आवृत्तीत गुणधर्मांची नावे प्रकार म्हणून देणारा ‘कीऑफ’ आणि त्या नावांवरून नवा प्रकार घडवणारे मॅप्ड टाइप आले. त्यांमुळे ऑब्जेक्टच्या प्रत्येक गुणधर्मावर एकच नियम लावता येऊ लागला आणि ‘पार्शल’ (सर्व गुणधर्म ऐच्छिक करणारा), ‘रीडओन्ली’ (ते केवळ वाचण्याजोगे करणारा) हे तयार प्रकारही मिळाले. मात्र हे दोन्ही पहिल्याच पातळीवर थांबतात. ग्राहकाच्या प्रकारात नाव व पत्ता, आणि पत्त्यात गाव व पिनकोड असल्यास, ‘पार्शल’ लावल्यावर पत्ता गाळण्याची मुभा मिळते. पण पत्ता दिलाच तर गाव आणि पिनकोड दोन्ही द्यावे लागतात. केवळ पिनकोड दुरुस्त करणाऱ्या फॉर्मला हे गैरसोयीचे ठरते. म्हणून प्रोग्रामर स्वतःलाच पुन्हा बोलावणारा, म्हणजे रिकर्सिव्ह प्रकार लिहितात. ‘डीपपार्शल’ या नावाने तो सर्वपरिचित असला, तरी भाषेसोबत तयार मिळत नाही.

मार्च २०१८ च्या २.८ आवृत्तीतील कंडिशनल टाइपमुळे प्रकार पाहून निर्णय घेता येऊ लागला, आणि नोव्हेंबर २०२० च्या ४.१ आवृत्तीपासून अशा प्रकाराला आपल्या शाखेत थेट स्वतःचा उल्लेख करण्याची परवानगी मिळाली. यांचा उत्तम उपयोग जेसन या मजकूररूपी स्वरूपात होणाऱ्या माहितीच्या देवाणघेवाणीत दिसतो. जेसनमध्ये लिहिताना ‘डेट’ची, म्हणजे तारीख-वेळेच्या ऑब्जेक्टची, स्ट्रिंग (साधा मजकूर) होते, त्यामुळे सर्व्हरवरील प्रकार ब्राउझरपर्यंत तसाच राहत नाही. रूपांतराचा नियम असा लिहितात : ‘डेट’ आढळल्यास स्ट्रिंग द्यावी, इतर ऑब्जेक्ट आढळल्यास आत उतरून हाच नियम लावावा, अन्यथा प्रकार आहे तसा ठेवावा. येथे शर्तींचा क्रम निर्णायक आहे, कारण ‘डेट’ हाही एक ऑब्जेक्टच आहे. ऑब्जेक्टची शर्त आधी लिहिली तर नियम ‘डेट’च्या आत शिरून त्याच्या मेथडच (त्याला जोडलेली फंक्शनेच) उलगडू लागतो आणि स्ट्रिंग कधीच हाती येत नाही. फंक्शनसाठीही वेगळी शर्त हवी, कारण मॅप्ड टाइप लावल्यावर त्याची सिग्नेचर (ते काय घेते व काय देते याचे वर्णन) नाहीशी होऊन रिकामा ऑब्जेक्ट उरतो. ‘डेट किंवा नल’ अशा युनियनची (पर्यायी प्रकारांच्या गटाची) काळजी मात्र भाषाच घेते : कंडिशनल टाइप प्रत्येक घटकावर स्वतंत्रपणे लागू होऊन ‘स्ट्रिंग किंवा नल’ असे उत्तर येते. अॅरेच्या (मूल्यांच्या यादीच्या) बाबतीत ३.१ आवृत्तीपासून मॅप्ड टाइप तिच्या घटकांवर लागू होतो.

रिकर्शन फार खोल गेल्यास कंपायलर (कोड तपासून जावास्क्रिप्ट तयार करणारा प्रोग्राम) त्रुटी दाखवून थांबतो. शिवाय जावास्क्रिप्ट तयार होताना सर्व प्रकार पुसले जातात, त्यामुळे प्रकार बदलला म्हणून चालत्या प्रोग्राममधील एकही ‘डेट’ स्ट्रिंग होत नाही. त्याचप्रमाणे जेसन वाचणारे ‘पार्स’ हे फंक्शन ‘एनी’, म्हणजे ज्याची तपासणीच होत नाही असा, प्रकार परत देते. आलेली माहिती घोषित प्रकाराशी खरोखर जुळते का, हे तपासणारा कोड प्रोग्रामरला स्वतंत्रपणे लिहावा लागतो.