पार्श्वभूमी : सरेच्या टेकड्या आणि 'शर्यत' या शब्दाचा गुंता

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे काउंटीतल्या टेकड्यांवर सायकलींची गर्दी होते, आणि ती शर्यत आहे की नाही यावरून गावकरी आणि सायकलस्वार यांच्यात वाद आहे. या टेकड्या उंचीने फार नाहीत. लीथ हिल 294 मीटर, बॉक्स हिल 224 मीटर. सिंहगडाचा गाडीरस्ता चढून गेलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण सायकलस्वाराचा कस आकड्यांपेक्षा रस्त्यांच्या घडणीत लागतो. आपले घाटरस्ते कोणीतरी आखून काढले. बोरघाटाचा रस्ता 1830 मध्ये चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा बैलांना झेपेल असा उतार धरूनच त्याची वळणे घातली होती. सरेतल्या बहुतेक लेन, म्हणजे अरुंद गाववाटा, कोणी आखलेल्या नाहीत. माणसे, गुरे आणि गाड्यांच्या ये-जा करण्याने आणि पावसाच्या पाण्याने मऊ वालुकाश्म झिजत गेला, वाट दोन्ही काठांच्या खाली उतरली आणि वर झाडांची कमान जुळली. पुढे त्याच वाटेवर डांबर पडले. त्यामुळे ती वाट वळणे न घेता सरळ वर चढते, जागोजागी पाचास एक इतकी तीव्र होते, आणि समोरून मोटार आली तर दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. बॉक्स हिलचा झिगझॅग रोड हा अपवाद. अडीच किलोमीटर, सरासरी पाच टक्के, घाटासारखी वळणे. म्हणूनच तो सगळ्यांचा लाडका आहे.

या भागातला सायकलींचा राबता जुना आहे. 1880 च्या दशकात लंडनहून रिप्ली गावापर्यंतचा रस्ता सायकलस्वारांची पंढरीच झाला होता. तिथल्या एका खानावळीत शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसे. 1888 च्या कायद्याने सायकलला 'गाडी' मानले आणि रस्त्यावरचा तिचा हक्क पक्का झाला. 1898 मध्ये रिप्लीजवळच्या ऑकम गावातल्या एका हॉटेलाने सायकलसाठी सोयीचा, ढगळ विजारीचा वेश घातलेल्या एका प्रतिष्ठित बाईंना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. प्रकरण कोर्टात गेले आणि हॉटेल सुटले. कायद्याने रस्ता दिला तरी गावाने आपलेसे केलेच असे नव्हते, एवढे त्यातून दिसते.

आजच्या वादाचे मूळ मात्र 1894 च्या उन्हाळ्यात आहे. लंडनच्या उत्तरेकडच्या हमरस्त्यावर चाललेल्या एका शर्यतीत सायकलस्वार आणि एका बाईंची घोडागाडी यांचा गोंधळ उडाला, तक्रार झाली, पोलिसांनी फास आवळला. आपला रस्त्यावरचा हक्कच जाईल या धास्तीने शर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेने त्या दशकात आपणहून रस्त्यावरच्या, सगळ्यांना एकदम सोडण्याच्या शर्यती बंद केल्या. ऑक्टोबर 1895 मध्ये पर्याय निघाला. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचे आणि घड्याळाशी झुंजू द्यायचे. पुढे ही टाइम ट्रायल जवळजवळ गुप्तपणे होऊ लागली. पहाटेची वेळ, अंगात काळे कपडे, आणि मार्गाचे नाव न सांगता अक्षर-आकड्यांचा संकेत. ते संकेत आजही वापरात आहेत.

हा निर्णय बरोबर होता का, यावर इंग्लंडमधले जुने सायकलस्वार अजून एकमेकांशी भांडतात. एक बाजू म्हणते, त्या माघारीमुळेच रस्ते शिल्लक राहिले. दुसरी म्हणते, फ्रान्स-इटली-बेल्जियममध्ये ज्या काळात रस्त्यावरची शर्यत गावाचा सण झाली, त्याच काळात इंग्लंडने तिला लपवायची गोष्ट केली. माझे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते. डोंगरातल्या खेड्याने शर्यत दाराशी येताना पाहिलीच नाही, तर शंभर वर्षांनी ती आल्यावर गाव बिचकणारच.

बंदी मोडली ती युद्धकाळात. 7 जून 1942 रोजी तीस-चाळीस सायकलस्वार वेल्समधल्या लँगॉलनहून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत 59 मैल एकत्र धावले. पेट्रोलच्या टंचाईने रस्ते मोकळे होते आणि पोलिसांनी सहकार्य केले. तरी संघटनेने त्यात गुंतलेल्यांवर निलंबनाची कारवाई केली. त्यांनी वेगळी चूल मांडली, आणि दोन्ही चुली एक व्हायला 1959 उजाडले. 1960 च्या नियमांनी रस्त्यावरच्या शर्यतींना चौकट दिली. पोलिसांना आगाऊ कळवणे आणि स्पर्धकांच्या संख्येवर मर्यादा ही त्यातली मुख्य कलमे.

नियम शर्यतीला लागू झाले, म्हणून 'शर्यत नसलेल्या' गोष्टींना भाव आला. क्लबांच्या हिवाळी 'रिलायबिलिटी ट्रायल' आधीपासून होत्याच. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पार करायचे, पण पहिला-दुसरा काढायचा नाही. 1970 च्या दशकात फ्रेंच धर्तीची ऑडॅक्स आली, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पार करायची सफर. पुण्या-मुंबईत बीआरएम, म्हणजे याच प्रकारच्या लांब पल्ल्याच्या सफरी, करणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. तिथे कमाल वेगालाही मर्यादा असते, त्यामुळे शर्यतीचा संशय मुळातच उरत नाही.

मग 'स्पोर्टिव्ह' आली, आणि इथे शब्दच फसवा ठरला. फ्रेंचमध्ये 'सिक्लोस्पोर्तीव्ह' म्हणजे वेळ मोजली जाणारी, क्रमवारी लागणारी हौशी स्पर्धा. नुसत्या भटकंतीला तिथे वेगळा शब्द आहे. इंग्लंडमध्ये शब्दाचे पुढचे अर्धे गळाले आणि अर्थ जवळजवळ उलटा झाला. स्पोर्टिव्ह म्हणजे शर्यत नव्हे, असे इथला प्रत्येक आयोजक सांगतो. तसे सांगणे त्याला भागच आहे, कारण शर्यत म्हटली की 1960 चे नियम लागू होतात. पण सायकलला इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिच्यावरून वेळ नोंदली जाते आणि अनेक ठिकाणी वेळेनुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी वर्गवारीही होते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये 1999 पासून होणारी सुमारे 112 मैलांची स्पोर्टिव्ह ज्या हार्डनॉट खिंडीतून जाते, तिथला चढ 33 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तिथे पाय न टेकता वर जाणारा स्वतःशी तरी शर्यत करतच असतो. गावातला माणूस पाठीवर क्रमांक लावलेले शेकडो लोक दारावरून जाताना पाहतो आणि त्याला ही शर्यत नाही असे सांगितले जाते. त्याचा विश्वास बसत नाही. त्यात त्याची चूक नाही.

2012 ने सरेत सगळे बदलले. ऑलिंपिकच्या रस्ता शर्यतीसाठी बॉक्स हिल निवडले गेले. पुरुषांना तिथल्या नऊ फेऱ्या, महिलांना दोन. टेकडीवरची चुन्याच्या मातीतली कुरणे दुर्मीळ फुलपाखरांचा अधिवास असल्याने प्रेक्षकांची संख्या 15,000 वर रोखली होती. शर्यतीच्या सहाच दिवस आधी टूर द फ्रान्स पहिल्यांदा एका ब्रिटिशाने जिंकली होती. 29 जुलैला भर पावसात झालेल्या महिलांच्या शर्यतीने यजमान देशाला त्या ऑलिंपिकमधले पहिले पदक दिले. त्यानंतर रविवारी सकाळी झिगझॅग रोडवर रांग लागू लागली. पुढे आभासी सायकलिंगच्या एका लोकप्रिय ॲपनेही बॉक्स हिल घेतले, आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, बसून तो चढ घामाघूम होऊन चढता येऊ लागला.

ऑगस्ट 2013 मध्ये ऑलिंपिकच्या मार्गाच्या धर्तीवर शंभर मैलांची सामूहिक सफर सुरू झाली. लंडनहून निघून रिप्ली, न्यूलँड्स कॉर्नर, लीथ हिल, बॉक्स हिल आणि परत. हजारो सायकलस्वार, संपूर्ण बंद रस्ते आणि धर्मादाय संस्थांसाठी कोट्यवधी पौंड. 2014 मध्ये वादळामुळे दोन्ही टेकड्या वगळून ती 86 मैलांवर आणावी लागली, तरी लोक भिजत आले. पण बंद रस्ता म्हणजे गावकऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी घरात अडकून पडणे. आजारी आईकडे जाणारी मुलगी, रविवारची प्रार्थना, शेतकऱ्याचे काम, पबचा दुपारचा धंदा, सगळ्यांना त्याची झळ होती. ही झळ खरी होती आणि आयोजकांनी ती सुरुवातीला हलक्यात घेतली, असे मला वाटते.

काउंटी परिषदेने लोकांची मते मागवली आणि 2020 मध्ये यजमानपद पुढे चालवायला नकार दिला. 2022 मध्ये सफर एसेक्सच्या सपाट प्रदेशात गेली. 2025 मध्ये ती झालीच नाही.

या निर्णयाबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. परिषदेच्या हातात होते ते फक्त रस्ते बंद करायची मंजुरी न देणे. उघड्या रस्त्यावरच्या स्पोर्टिव्हला तशी मंजुरी लागतच नाही. कायद्याच्या नजरेत ती रस्त्याने जाणाऱ्या सायकलींची गर्दी आहे, आणि तो हक्क 1888 चा. म्हणजे पोलीस, रुग्णवाहिका, स्वयंसेवक आणि मोटारमुक्त रस्ता असलेला वर्षातला एक दिवस गेला. उरलेले रविवार, मोटारींच्या सोबतीने, तसेच राहिले. न्यू फॉरेस्टमध्येही 2013 च्या सुमारास याच शब्दावरून भांडण पेटले होते. टेकड्या नसलेल्या त्या भागात दिशादर्शक फलक उपटले गेले, रस्त्यावर टाचण्या टाकल्या गेल्या, आणि चर्चेची गाडी शेवटी स्वेच्छेच्या आचारसंहितेवर येऊन थांबली.

जानेवारी 2022 मध्ये वाहतूक नियमावलीत बदल झाला आणि सायकलस्वारांनी जोडीने चालवण्याबद्दलचे कलम अधिक स्पष्ट केले गेले. अरुंद लेनमध्ये मागून मोटार आली की एकेरी व्हायचे की जोडीनेच राहायचे, यावर सरेतल्या होल्मबरी सेंट मेरी आणि पीस्लेक या गावांच्या परिसरात आता नवी वादावादी चालते.