वर्डमध्ये पीडीएफ टाकली की आत नेमकं काय जातं?

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की नागपुरात बर्डीवरच्या प्रिंटिंगच्या दुकानांत एक वाद हमखास ऐकू येतो. "भाऊ, पीडीएफ टाकली न आत, मग पूर्ण यायला पाहिजे न!" परिशिष्ट म्हणून वर्डमध्ये घातलेली पीडीएफ असते चाळीस पानांची आणि कागदावर उतरलेलं असतं फक्त पहिलं पान. मुलाला वाटतं प्रिंटर बिघडला, दुकानदाराला वाटतं फाइल करप्ट आहे. प्रत्यक्षात दोन्ही ठणठणीत असतात. वर्डने जे करायला हवं तेच केलेलं असतं, पण ते काय करतं हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

या दोन फाइलींची जातकुळीच वेगळी. वर्ड मजकूर साठवतं, आणि पान कुठे तुटणार हे फाइल उघडताना त्या कॉम्प्युटरवरचे फॉन्ट, मार्जिन, कागदाचा आकार पाहून ठरवतं. वर एक ओळ वाढवली की खालचं सगळं सरकतं. अ‍ॅडोबीने १९९३ साली आणलेल्या पीडीएफमध्ये हे सरकणं नाही. तिच्यात हुकूम असतात: पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून इतकं उजवीकडे जा, इतकं वर जा, अमुक फॉन्टमधलं अमुक अक्षर काढ. मोजमाप इंचाच्या ७२व्या भागात, म्हणून ए-४ कागद साधारण ५९५ बाय ८४२ भरतो. असं जागच्या जागी ठोकून बसवलेलं पान वर्डच्या सरकत्या मजकुरात मिसळायचं कसं? मिसळत नाहीच. वर्ड त्यावर वेगळीच तोड काढतं.

'इन्सर्ट'मधून 'ऑब्जेक्ट' निवडून पीडीएफ दिली की दोन गोष्टी साठवल्या जातात. एक, ती पीडीएफ जशीच्या तशी, शेवटच्या बाइटपर्यंत. दोन, पहिल्या पानाचं एक चित्र. बंद डब्याच्या झाकणावर आतल्या पदार्थाचा फोटो चिकटवावा, तसं. तुम्हाला दिसतो तो फोटो, प्रिंट होतो तोही फोटोच. डबल-क्लिक केलं तरच डबा उघडतो, तोही वर्ड उघडत नाही. ही फाइल कुठल्या प्रोग्रामची आहे त्याचं नाव वर्डने टिपून ठेवलेलं असतं. तो प्रोग्राम या कॉम्प्युटरवर आहे का हे बघून वर्ड त्याला हाक मारतं. प्रोग्राम नसेल तर नुसता फोटो राहतो. मोबाइलवर बहुतेक वेळा हेच होतं. या व्यवस्थेला ओएलई, म्हणजे ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग म्हणतात, मायक्रोसॉफ्टने ती १९९०च्या सुमारास आणली. एक्सेलचा तक्ता वर्डमध्ये घालावा, पण वर्डला एक्सेल शिकवायला लागू नये, हा त्यामागचा विचार. मला तो आजही फार देखणा वाटतो.

हे स्वतः बघता येतं. अशा वर्ड फाइलची एक प्रत करा आणि नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा. २००७ पासूनची, पासवर्ड न लावलेली प्रत्येक डॉकएक्स फाइल ही मुळात झिपच आहे, त्यामुळे ती सरळ उघडते. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'मध्ये ते चित्र आणि 'एम्बेडिंग्ज'मध्ये ओलेऑब्जेक्ट१ नावाची बिन (.bin) फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली की अगम्य चिन्हांचा चिखल दिसतो, पण नीट शोधलं तर त्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून पीडीएफ-१.७ असं काहीतरी सापडतं. तिथून तुमची पीडीएफ सुरू होते.

ही बिन फाइल म्हणजे एका फाइलच्या पोटात वसवलेली अख्खी हार्ड डिस्क आहे. तिचे ५१२ बाइटचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणायचं. १ एमबीच्या पीडीएफला असे २०४८ सेक्टर लागतात. ते सलग असतीलच असं नाही, म्हणून सोबत एक तक्ता असतो. समजा पीडीएफ ५व्या सेक्टरला सुरू झाली. तक्त्यात ५व्या घरात ६ लिहिलेलं, ६व्या घरात ९, नवव्यात 'संपलं' अशी खूण. या साखळीने चालत गेलं की फाइल जुळते. जुन्या फ्लॉपी आणि पेन ड्राइव्हवर फाइली मांडण्याची फॅट (फाइल अलोकेशन टेबल) पद्धत हीच. तक्त्याचं एक घर ४ बाइटचं, म्हणजे एका सेक्टरमध्ये १२८ घरं मावतात. त्यामुळे आपल्या १ एमबीसाठी तक्त्यालाच १६ सेक्टर लागतात. मग हा तक्ता तरी कुठे आहे हे कोण सांगणार? फाइलच्या सुरुवातीच्या ५१२ बाइटांत तक्त्याच्या पहिल्या १०९ सेक्टरांचे पत्ते असतात. १०९ गुणिले १२८ गुणिले ५१२ करा, सुमारे ७ एमबी. फाइल त्यापुढे गेली की पत्त्यांचीही एक वेगळी साखळी सुरू होते. आणि ४०९६ बाइटपेक्षा लहान गोष्टींसाठी ५१२चा तुकडा उधळपट्टी ठरतो, म्हणून त्यांना ६४ बाइटचे छोटे सेक्टर आणि त्यांचा स्वतंत्र तक्ता. २००३पर्यंतच्या जुन्या डॉक फाइलीही याच रचनेवर उभ्या होत्या.

आता याचे परिणाम. झिपमध्ये जाऊनही पीडीएफ फारशी आकसत नाही, कारण तिच्यातला मजकूर बहुधा झिपच्याच पद्धतीने आधीच दाबलेला असतो. म्हणून ८ एमबीची पीडीएफ वर्ड फाइल जवळपास तितक्यानेच फुगवते. दुसरा परिणाम गंभीर आहे. बँक स्टेटमेंटचं फक्त पहिलं पान दाखवायचं म्हणून कुणी पीडीएफ अशी घालतो, चित्र क्रॉपही करतो आणि फाइल मेल करतो. समोरच्याने डबल-क्लिक केलं की सगळे व्यवहार त्याच्यापुढे उघडे. काही वेळा मूळ फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे कुठल्या युजरच्या कुठल्या फोल्डरमधून ती उचलली, हेही आत नोंदलं जातं. अनोळखी माणसाच्या वर्ड फाइलमधल्या अशा चित्रावर डबल-क्लिक करू नये, कारण झाकणावर पीडीएफचा फोटो असला तरी आत दुसरंच काही असू शकतं.

पीडीएफ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तिला कुणी हात लावू शकत नाही, हा समजही आपल्याकडे कचेऱ्यांपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांपर्यंत पसरलेला आहे. तो साफ खोटा आहे. पीडीएफ बदलता येते. बदल फाइलच्या शेपटाला जोडून जुना मजकूर आत तसाच ठेवण्याची सोय तर तिच्या रचनेतच आहे. बदल झाला की नाही हे पकडते ती डिजिटल सही. आणि 'एआयने शंभर टक्के अचूक वर्ड करून देतो' म्हणणाऱ्या फुकट वेबसाइटांवर आधार कार्ड चढवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, असं करू नका. पीडीएफमध्ये परिच्छेद बहुधा नोंदलेलेच नसतात, अक्षरांच्या जागा असतात. कन्व्हर्टर त्यावरून अंदाज बांधतो, आणि मराठी जोडाक्षरांवर तो अंदाज वारंवार फसतो.

पीडीएफ घालताना त्याच 'ऑब्जेक्ट'च्या खिडकीत 'लिंक टू फाइल'वर टिक केली तर पीडीएफ आत जातच नाही, जातो तिचा पत्ता. ती पेन ड्राइव्हवर असेल तर पेन ड्राइव्ह काढला की दुवा तुटला.

परिशिष्ट छापायचंच असेल तर सरळ मार्ग असा: आधी वर्डचा रिपोर्ट पीडीएफ करून घ्यायचा आणि मग दोन्ही पीडीएफ एकमेकींना जोडायच्या. पानं पीडीएफच्या जगात आधीच ठोकून बसवलेली असल्यामुळे इथे काही सरकत नाही. मूळ फाइलही सोबत द्यायची असेल तर उलटं करता येतं, पीडीएफच्या पोटात वर्ड किंवा एक्सेलची फाइल जोडता येते. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठीच्या पीडीएफ/ए-३ या मानकाने २०१२ साली कुठल्याही प्रकारची फाइल अशी जोडायला मोकळीक दिली.